माहूजचे टायर-पुराण

बहारीनमध्ये कुणाला घरी बोलवायचं तर पत्ता म्हणून तीन आकडे द्यावे लागतात. बिल्डिंग नंबर, रोड नंबर आणि ब्लॉक नंबर. ‘मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पिंपळाच्या पारापाशी कुणालाही विचारा’ ही सोय इथे नाही. त्यामुळे आम्हा माहूजकर मराठी मंडळींनी आपापल्या खुणा तयार केल्या आहेत. कुणी कोल्ड स्टोअरची खूण सांगतं (दुबई-मस्कतच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात), कुणी मशिदीची, कुणी लाँड्रीची. आमच्या घराची खूण मात्र गेली काही वर्षं एकच आहे. “पिवळ्या टायरपाशी वळा.”

हा पिवळा टायर म्हणजे शेजारच्या इमारतीतल्या कुणीतरी पार्किंगची जागा राखायला ठेवलेला ट्रकचा जुना टायर. आत सिमेंट ओतलेलं, मध्ये लोखंडी पाइप उभा केलेला आणि वरून पिवळा ऑइलपेंट. एस. टी. मध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत समजावून सांगायला नको!

आता थोडं माहूजविषयी. आज हा मनामा शहराचाच एक भाग आहे. एका अंगाला जुफेर, दुसऱ्या अंगाला अदलिया आणि पलीकडे उम्म अल-हसम. पण मुळात हे एक जुनं खेडं. खजुराच्या बागा, उम्म शऊम नावाच्या झऱ्याचं पाणी आणि विद्वानांची परंपरा ही त्याची ओळख. तेराव्या शतकातले प्रसिद्ध तत्त्वज्ञ शेख मैथम अल-बहरानी यांची कबर याच भागात आहे. १९३२ साली जबल दुखानपाशी तेल लागलं. आखाताच्या अरबी किनाऱ्यावर तेल सापडलं ते इथेच पहिल्यांदा. मग हळूहळू बागांच्या जागी विला आल्या आणि विलांच्या जागी आमच्यासारख्यांचे फ्लॅट. १९८६ मध्ये सौदी अरेबियाशी जोडणारा २५ किलोमीटरचा किंग फहद पूल सुरू झाला. आज इथे घरटी एक तरी गाडी असतेच, बऱ्याच घरी दोन. आणि गाडी आली की चार टायर आले, अधिक डिकीतला पाचवा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी गल्ल्यांतून एक फेरी मारतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. चालता चालता टायर मोजायचा छंद लागला. गाड्यांना लावलेले नव्हेत, सुटलेले. जुन्या गावाकडच्या अरुंद बोळात भिंतीला टेकवलेले दोन. एका बांधकामाच्या पत्र्यामागे सात-आठ, एकावर एक रचलेले. एका विलाच्या फाटकाशी टायरची कुंडी, तीत सदाफुली. (सदाफुली पाहून कोकण आठवलं नाही असा मराठी माणूस विरळा.) एका मोकळ्या प्लॉटवर पोरांनी फुटबॉलच्या गोलचे खांब म्हणून रोवलेले दोन. इमारतींच्या मागच्या बाजूला, एअर कंडिशनरच्या नळ्यांखाली पडलेला एक. त्यात थेंब थेंब पाणी साठलेलं आणि पाण्यावर डासांची पिल्लावळ वळवळत असलेली. हा शेवटचा टायर लक्षात ठेवा.

यंदा आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पर्यावरणाचा एक उपक्रम करायचं ठरलं. सूचना आली ती टायरचीच. प्रत्येक मुलाने एक जुना टायर आणायचा, रंगवायचा, कुंडी किंवा बसायचं मोढं करायचं आणि वार्षिक कार्यक्रमात प्रदर्शन मांडायचं. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आपल्या पिढीने शाळेत कार्यानुभवाच्या तासाला इतके ऐकलेत, की नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण बैठकीत एका काकूंनी सरळ विचारलं, “अहो, पण दोन वर्षांनी आमची बदली झाली की ती कुंडी जायची कुठे? सोफा विकता येतो, टायर कोण घेणार?” सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. मेकॅनिकल इंजिनिअरला असा प्रश्न विचारला की तो घरी जाऊन पुस्तकं काढून बसतो. हा लेख त्या काकूंना दिलेलं थोडं लांबलेलं उत्तर आहे.

आधी टायर म्हणजे काय ते पाहू. नुसत्या कच्च्या रबराचा स्वभाव चंचल. उन्हात चिकट, थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना असं आढळलं की रबरात गंधक मिसळून तापवलं की ते पक्कं होतं. रबराच्या लांबलचक साखळ्यांना गंधक जागोजागी टाके घालतो, म्हणून ते ताणलं तरी मूळ आकारावर येतं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि जगाची चाकं मऊ झाली. आजच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर असतं, पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम रबर असतं, काजळीसारखा कार्बन ब्लॅक असतो (काळा रंग त्याचाच), शिवाय पोलादी तारा, कापडी धागे, गंधक आणि झिंक ऑक्साइड.

गोम इथेच आहे. गंधकाने घातलेले टाके सहजासहजी उसवत नाहीत. प्लॅस्टिकची बादली वितळवून पुन्हा बादली करता येते. टायर तसा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच. भाकरीचा कुस्करा करता येतो, ती जाळता येते, पण पीठ परत मिळत नाही. टायरचं पुढे काय करायचं हा प्रश्न जगभर का अडून बसलाय, ते या एका गोष्टीत आलं.

आपल्या लोकांना टायर फेकायची सवय कधी नव्हती. आमच्या लहानपणी ट्रकची जुनी ट्यूब म्हणजे विहिरीत पोहायला शिकण्याचं एकमेव साधन. ट्यूब कमरेला आणि काका काठावर! सायकलचा टायर काठीने पिटाळत गावभर हिंडायचं, चांभाराकडून टायरच्या तळाची चप्पल करून घ्यायची. ती चप्पल झिजायची नाही, पाय झिजायचा. टायरची बैलगाडी आली तेव्हा जुन्या लाकडी चाकांचा खडखडाट थांबला आणि बैलांचे कष्ट कमी झाले. आज पश्चिम महाराष्ट्रात गाई-म्हशींसाठी मूरघास करतात, त्या खड्ड्यावरचा प्लॅस्टिकचा कागद दाबून ठेवायला पुन्हा जुने टायरच लागतात. भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचींना बाजूने टायर लटकवलेले असतात आणि इथे मुहर्रकच्या किनाऱ्यावर लाकडी गलबतांनाही तसेच. धक्का बसला तर टायरला बसावा. पुण्याच्या पूजा बदामीकर यांनी अलीकडे टाकाऊ टायरच्या तळव्यांची पादत्राणं करून विकायचा व्यवसाय उभारला. तिकडे बंगळूरूला आयआयटीत शिकलेल्या वास्तुविशारद पूजा राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या टायरपासून शाळांसाठी झोके, बोगदे आणि चढायच्या भिंती बनवल्या. देशभरात अशी कितीतरी क्रीडांगणं झाली आहेत.

म्हणजे काटकसर आपल्या रक्तात आहे. पण हिशेब मांडला तर बैलगाडी आणि चपलांना लागणारे टायर किती आणि रस्त्यावर रोज झिजणारे किती? उरलेल्यांचं काय होतं हे पाहायचं असेल तर लांब जायला नको. आमच्यापासून विमानाने तासाभरावर असलेल्या कुवेतला जाऊ.

कुवेतच्या वाळवंटात वर्षानुवर्षं जुने टायर आणून टाकले जात होते. उपग्रहाच्या छायाचित्रात वाळूवर शाई सांडल्यासारखा डाग दिसे, इतके. २०२१ साली तिथल्या सरकारने हे सगळे टायर रहिया भागातून हलवून सौदी सीमेजवळच्या अल-साल्मी इथे नेले. त्या वेळी आकडा सांगितला गेला तो ४ कोटी २० लाखांहून अधिक! जुनी जागा लोकवस्तीपासून फक्त ७ किलोमीटरवर होती. तिथे वरचेवर आगी लागत आणि काळा धूर घराघरांत शिरे. २०१२ मधली आग तर दूरवरून दिसत होती. आता त्या जागी २५,००० घरं बांधायची योजना आहे आणि नव्या जागी टायरचे तुकडे करून त्यांच्या फरशा वगैरे बनवायचे कारखाने सुरू झालेत. चांगलंच झालं. पण काकूंचा प्रश्न आठवा. टायर संपले नाहीत, त्यांची बदली झाली.

टायरची आग हे प्रकरण तर भयंकर असतं. एक किलो रबर जळताना एक किलो दगडी कोळशाइतकी किंवा त्याहून जास्त उष्णता देतं. शिवाय टायरचा आकार असा, की पाणी मारलं तरी आतल्या पोकळीत हवा खेळत राहते आणि आग धुमसत राहते. रबर जळताना त्याचं तेल वितळून जमिनीत मुरतं ते वेगळंच. १९९० च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या हॅगर्सव्हिल गावी सव्वा कोटीहून अधिक टायरच्या ढिगाला आग लागली ती १७ दिवस जळली आणि सुमारे ४,००० लोकांना घरं सोडावी लागली. त्याआधी १९८३ मध्ये व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळची आग तर जवळजवळ नऊ महिने पुरली. आपल्याकडे बंद-मोर्चात आणि होळीला पोरं सहज म्हणून टायर पेटवतात, त्यांना हे कुणी तरी सांगायला हवं.

“मग चांगल्या कामाला वापरूया की!” असं कुणी म्हणेल. तेही झालंय. १९७२ साली अमेरिकेत फ्लॉरिडाच्या फोर्ट लॉडरडेल गावाजवळ समुद्रात सुमारे २० लाख जुने टायर मोठ्या समारंभाने सोडण्यात आले. त्यांच्यावर प्रवाळ वाढेल, मासे येतील, कचऱ्याची सोय होईल आणि कोळ्यांचंही भलं होईल, अशी कल्पना. हेतू अगदी स्वच्छ होता. पण टायर बांधलेल्या पट्ट्या आणि तारा खाऱ्या पाण्यात गंजल्या, तुटल्या. सुटलेले टायर लाटांबरोबर घरंगळत जवळच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळू लागले आणि शतकांची वाढ मोडू लागले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे तिथे उतरून टायर बाहेर काढू लागले. ते काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. बहारीनचा समुद्र म्हणजे जुन्या मोत्यांचा समुद्र. त्याच्या काठी राहणाऱ्या आपण ही गोष्ट विसरता कामा नये.

आता त्या एअर कंडिशनरखालच्या टायरकडे वळू. टायरची आतली बाजू अशी वळलेली असते की तो कसाही ठेवा, थोडं पाणी आत राहतंच. वर सावली, आत ऊब आणि पाणी न हलणारं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून उत्तम प्रसूतिगृह मिळायचं नाही. या डासाची अंडी कोरड्या टायरला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की उबतात. ‘एशियन टायगर’ नावाचा पट्टेरी डास असाच जुन्या टायरच्या व्यापारातून आशियातून अमेरिकेत पोचला. १९८५ मध्ये टेक्सासच्या ह्यूस्टनला तो प्रथम पक्का वस्तीला आलेला आढळला. मुंबई महापालिकेची माणसं पावसाळ्याआधी गच्च्यांवरचे आणि गॅरेजमागचे टायर उचलत फिरतात ती याच कारणाने. आमच्या बहारीनमध्ये पाऊस तो किती, वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर. पण एअर कंडिशनर मात्र उन्हाळाभर ठिबकत असतो. तेव्हा टायरची कुंडी करायची तर तिच्या तळाला भोकं हवीत आणि कडेच्या वळणातही, जिथे पाणी अडतं तिथे. एवढं करायचं नसेल तर कुंडी न केलेली बरी.

यापुढचा भाग लिहिताना हात जड होतो. पण या पुराणातला सगळ्यात जवळचा अध्याय तोच आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात एक केरळी गृहस्थ वीस वर्षं आहेत. त्यांना विचारलं, “भाईसाब, पुराना टायर किधर जाता है?” ते म्हणाले, “गाडी आता है, लेके जाता है.” “उसके बाद?” त्यांनी हात हवेत उडवला. त्यांचं काम तिथे संपतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आपणही त्यांना हा प्रश्न इतकी वर्षं कुठे विचारला होता!

जगात जुन्या टायरचा मोठा व्यापार चालतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिरात अशा देशांतून तुकडे केलेले किंवा गठ्ठे बांधलेले टायर जहाजाने भारतात जातात. कागदावर ते ‘पुनर्वापरासाठी’ असतात. त्यांतले पुष्कळ प्रत्यक्षात जातात ते पायरोलिसिसच्या भट्ट्यांत. पायरोलिसिस म्हणजे हवा न लागू देता टायर चार-पाचशे अंशांवर तापवायचे. त्यातून जळणाचं तेल निघतं, काजळी निघते, पोलादी तारा सुट्या होतात आणि गॅस निघतो. शास्त्र खोटं नाही. नीट बांधलेल्या, सतत चालणाऱ्या, धूर गाळणाऱ्या संयंत्रात हे सुरक्षितपणे करता येतं. पण गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एखादं मोठं लोखंडी पिंप तापवायचं, निवायच्या आत उघडायचं आणि मजुरांनी उघड्या हातांनी काजळी उपसायची, असा प्रकार असला की ती भट्टी म्हणजे बॉम्बच.

२०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला अशाच एका कारखान्यात स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन मुलं दगावली. पुढे मार्चमध्ये बी. बी. सी. ने ब्रिटनमधल्या टायरचा माग काढत भारतातल्या अशा भट्ट्यांपर्यंत येऊन जे वृत्त दिलं, त्यात वाड्याच्या या अपघाताचा उल्लेख होता आणि त्या कारखान्यात युरोपातून आलेले टायर वापरले जात होते असंही म्हटलं होतं. वाडा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? वाडा कोलम! २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तो बारीक, सुवासिक तांदूळ मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आपण आवर्जून आणायला सांगतो. ज्या मातीतून आपला वरणभात येतो तिथेच जगभरातून आलेल्या टायरची काजळी बसते आहे. ती उपसणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यांतली गरीब माणसं आहेत आणि त्यांची पोरं शेजारीच खेळत असतात.

भारत सरकारने यावर काही केलंच नाही असं नाही. जुलै २०२२ मध्ये नियम आले. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली गेली, पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ७० आणि नंतर १०० टक्के. पायरोलिसिससाठी जुने टायर आयात करायला बंदी घातली गेली. नियम चांगले आहेत. पण बंदरावर आलेला कंटेनर पुढे कुठे गेला हे पाहणारा माणूस लागतो, आणि टायर देणाऱ्यानेही विचारावं लागतं. तिथे नियम लंगडा पडतो.

मग करायचं काय? इंजिनिअरला विचाराल तर मी उलट्या टोकाने सुरुवात करीन. जो टायर लवकर झिजलाच नाही, त्याची विल्हेवाटही लवकर लावावी लागत नाही. आखातातल्या उन्हात हे फार महत्त्वाचं आहे.

हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढायच्या आधी तपासा. कमी हवेचा टायर कडांनी झिजतो आणि जास्त तापतो. उन्हाळ्यात रस्त्यावर फुटणारे टायर पुष्कळदा याच कारणाने फुटतात. चाकांची अदलाबदल आणि अलाइनमेंट वेळेवर करा. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ ही अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नवा टायर घेताना हे आकडे बघून घ्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर स्वस्तात मिळाला तरी तो महागच पडतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की मात्र मोह नको, टायर बदला. मुलांचा जीव टायरपेक्षा मोठा.

दुसरी पायरी रिट्रेडिंगची, ज्याला आपल्याकडे रिमोल्ड म्हणतात. टायरचा सांगाडा धड असेल तर वरची झिजलेली पट्टी काढून नवी चढवायची. ट्रकच्या टायरला यात नव्याच्या साधारण एक तृतीयांशच तेल लागतं. कारच्या बाबतीत ही पद्धत आता फारशी राहिली नाही. पण ट्रक, बस आणि विमानं यावरच चालतात. होय, विमानं! आपण दर सुट्टीला मुंबईला उतरतो, त्या विमानाची चाकं बहुधा एकदा नव्हे, अनेकदा रिट्रेड झालेली असतात. रिमोल्डला नाक मुरडणाऱ्यांनी पुढच्या वेळी विमान टेकताना हे आठवावं.

तिसरी पायरी टायरचा भुगा करून तो वापरण्याची. मी ॲरिझोनात एम. एस. करायला गेलो तेव्हा, २००३ च्या सुमारास, फीनिक्स परिसरातल्या महामार्गांवर रबर मिसळलेल्या डांबराचा थर चढवायचं काम जोरात चाललं होतं. नव्या थरावर गाडी आली की आवाज एकदम खाली यायचा, कुणी रेडिओ हळू केल्यासारखा. ही कल्पना चार्ल्स मॅकडोनाल्ड नावाच्या फीनिक्स महापालिकेच्याच इंजिनिअरची, १९६० च्या दशकातली. वाळवंटातल्या उन्हाने भेगाळणारे रस्ते कसे बुजवावेत याचं उत्तर शोधताना त्यांनी डांबरात टायरचा भुगा घातला. भारतातही असं डांबर महामार्गांवर वापरलं जातं. आखातातलं ऊन ॲरिझोनासारखंच, तेव्हा या वाटेने आपल्याकडे पुष्कळ टायर खपू शकतात.

पण इथेही डोळे मिटून चालत नाही. कृत्रिम गवताच्या मैदानांत भरतात तो रबराचा भुगा वाऱ्या-पाण्याबरोबर बाहेर जातो, म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये ठरवलं की २०३१ नंतर असा भुगा विकायचा नाही. म्हणजे कालचा उपाय आज पुन्हा तपासावा लागतो.

बहारीनमध्ये राहून फॉर्म्युला वनचा विषय काढला नाही तर माझा मुलगा रागावेल. सखीरचा ट्रॅक २००४ मध्ये सुरू झाला. शर्यतीच्या नेहमीच्या आठवड्यात एकेका गाडीला कोरड्या ट्रॅकसाठी १३ संच, म्हणजे ५२ टायर मिळतात. पण ते टायर पिरेली कंपनीचेच राहतात. ती ते मोजून देते आणि मोजून परत नेते, एकही इकडेतिकडे जात नाही. तोंडाचा आ करून शर्यत बघणाऱ्या आपल्या पोरांना ही मोजदाद जरूर सांगा. शर्यतीच्या टायरला जमतं ते आपल्या टोयोटाच्या टायरला का जमू नये?

तर मराठी शाळेच्या उपक्रमाचं काय झालं ते सांगतो. बाईंनी आणि पालकांनी मिळून तो थोडा बदलला. रंगकाम ठेवलं, पण सगळ्या मुलांत मिळून चारच टायर, भोकं पाडलेले, आणि ते मंडळाच्या एका सभासदाच्या विलातल्या बागेत कायमचे. बाकीच्या मुलांना दिली एक वही. वहीवर नाव लिहिलं, ‘पुढे कुठे?’ प्रत्येकाने आपल्या गाडीच्या चारही टायरवरचे चार आकडे वाचून लिहायचे, नक्षीची खोली मोजायची, आपल्या गल्लीत बेवारस पडलेले टायर मोजायचे आणि त्यांत पाणी असेल तर मोठ्या माणसाच्या मदतीने ओतून टाकायचं. शेवटी बाबांबरोबर टायरच्या दुकानात जाऊन विचारायचं, जुना टायर कोण नेतं, कुठे नेतं, त्याचं काय करतात. एका सात वर्षांच्या चिमुरडीने दुकानदाराला इतके प्रश्न विचारले म्हणे, की त्याने शेवटी टायर नेणाऱ्या माणसाचा फोनच लावून दिला! आमच्या पिढीला जे सुचलं नाही ते तिने अर्ध्या तासात केलं. एका मुलाच्या वहीत डिकीतल्या पाचव्या टायरचं वय बारा वर्षं निघालं. त्याच्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी तो बदलला.

कुवेत, दुबई, दोहा, मस्कत आणि त्याहून लांबच्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावात जुना टायर दुकानातून पुढे कुठे जातो, तुकडे करणारा परवानाधारक कारखाना आहे का, तो टायर घेताना पावती देतो का, एवढं विचारून चार ओळी मंडळाला पाठवा. पुढच्या अंकात सगळं एकत्र छापू. टायर बदलताना आपण किमतीची घासाघीस करतोच. त्यातच हाही एक प्रश्न विचारायचा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदार टायर नेणाऱ्याला विचारील, आणि दहा दुकानदारांनी विचारलं तर नेणाऱ्यालाही कागद दाखवावा लागेल.

आणि हो, त्या काकूंची बदली खरंच झाली आहे. पुढच्या महिन्यात त्या पुण्याला परत जाताहेत. गाडी विकली आहे, सोफाही. त्यांच्या गॅलरीत टायर एकही नाही.